तातडीच्या विभागातील डॉक्टर : कायद्यातील एक रिकामी जागा
(पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभ एका औषधाच्या कारखान्याने झाला, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पिंपरीच्या माळावर पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील दोन दशकांत भोसरी, चिंचवड, आकुर्डी हा सारा परिसर वाहन व अभियांत्रिकी उद्योगांनी व्यापला. १९७० मध्ये येथे नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. उद्योगांची ही रांग पुढे इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात चाकण, महाळुंगे, निघोजे या गावांच्या शिवारात शिरली. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या सतरा लाखांच्या पुढे होती, तर चाकणची नोंद जेमतेम एक्केचाळीस हजारांची होती. चाकणच्या भोवती दररोज तीन पाळ्यांत काम करणारा कामगार या दुसऱ्या आकड्यात मावत नाही.

या पट्ट्यातील एखाद्या लघुउद्योगात रात्रपाळीच्या कामगाराची बोटे पॉवर प्रेसमध्ये सापडली, किंवा पुणे-नाशिक महामार्गावर पहाटे दुचाकीस्वाराला ट्रकने उडवले, तर त्याला जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात नेले जाते. तेथे त्याला तपासणारी व्यक्ती कोण असावी, तिची पात्रता काय असावी आणि ती त्या क्षणी तेथे हजर असलीच पाहिजे असे कोणता कायदा सांगतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. रुग्णालयांची पाहणी करणे हा येथे हेतू नाही. प्रचलित कायदे, नियम आणि न्यायनिर्णय यांच्या शब्दरचनेची चिकित्सा करून त्यांत डॉक्टरच्या उपस्थितीला कोठे स्थान आहे, एवढेच तपासावयाचे आहे.

१९४९ चा 'निवासी' डॉक्टर

महाराष्ट्रातील खाजगी रुग्णालयांचे नियमन आजही मुख्यतः १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमान्वये होते. नावातील 'मुंबई' जाऊन तेथे 'महाराष्ट्र' आले; सांगाडा मात्र तोच राहिला. या अधिनियमाच्या पाचव्या कलमात नोंदणी नाकारण्याची कारणे दिली आहेत. शुश्रूषागृहाचे व्यवस्थापन एखाद्या पात्र वैद्यक व्यावसायिकाकडे किंवा पात्र परिचारिकेकडे नसेल आणि ती व्यक्ती त्या शुश्रूषागृहातच राहणारी नसेल, तर नोंदणी नाकारता येते. परिचारिकांचे योग्य प्रमाण नसणे, प्रसूतिगृहात पात्र सुईण नसणे, हीदेखील नकाराची कारणे आहेत.

या तरतुदीतील दोन शब्द बारकाईने पाहण्याजोगे आहेत. पहिला शब्द 'निवासी'. कायदा झाला त्या काळात खाजगी शुश्रूषागृह म्हणजे बहुधा खाली दहा-बारा खाटा आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरचे बिऱ्हाड असे. रात्री दार वाजले की डॉक्टर खाली उतरत. अशा संस्थेत डॉक्टरच्या उपस्थितीचा वेगळा नियम करण्याची गरजच नव्हती. तो तेथे राहतो हे सांगितले की तो तेथे असतो हे ओघाने आले. पुढे रुग्णालये मोठी झाली, मालक डॉक्टर अन्यत्र राहू लागले, काही रुग्णालयांची मालकी कंपन्यांकडे गेली. 'निवासी वैद्यकीय अधिकारी' या पदनामात तो जुना शब्द शिल्लक राहिला. पण हा अधिकारी आता रुग्णालयात राहत नाही, पाळी करून घरी जातो. त्याची पाळी किती तासांची असावी, त्याच्या एकट्यावर किती विभाग सोपवावेत, तो वॉर्डात असताना अपघात विभागात कोणी असावे की नाही, याचा विचार १९४९ च्या कायद्याला करावा लागला नव्हता.

दुसरा शब्द 'किंवा'. डॉक्टर किंवा परिचारिका. शुश्रूषा हा केंद्रबिंदू असलेल्या संस्थेत हा पर्याय योग्यच होता. तातडीच्या विभागाच्या संदर्भात मात्र या 'किंवा'चा अर्थ फार निराळा होतो.

१४ जानेवारी २०२१ रोजी राज्य शासनाने या अधिनियमाखालील नियमांत मोठी सुधारणा केली. रुग्णहक्कांची सनद, दर्शनी भागात दरफलक, तक्रार निवारणाची व्यवस्था या बाबी बंधनकारक झाल्या. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेचा आग्रह न धरता प्राणरक्षक उपचार देण्याचे बंधनही आले. या सुधारणांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. रुग्णहक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांच्या दीर्घ पाठपुराव्याचे ते फळ आहे. परंतु मनुष्यबळाचा प्रश्न येतो तेथे नियमांचे मूळ माप खाट हेच राहते. इतक्या खाटांमागे इतक्या परिचारिका, अशी ती भाषा आहे. वॉर्डासाठी हे माप उपयोगी पडते. अपघात विभागात मात्र खाटा चार असतात आणि एका बसअपघातानंतर रुग्ण चाळीस येतात. तेथील कामाचे माप येणाऱ्यांच्या संख्येवर आणि येण्याच्या वेळेवर ठरते. आणि ही दोन्ही मापे कायद्याच्या भाषेत अद्याप उतरलेली नाहीत.

न्यायालयाने उघडलेले दार

तातडीच्या उपचारांविषयीचा भारतीय कायदा विधिमंडळांपेक्षा न्यायालयांनी अधिक घडवला. २८ ऑगस्ट १९८९ रोजी परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. मोटारीने धडक दिलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून स्वीकारले नाही, सुमारे वीस किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवले आणि वाटेतच त्याचा मृत्यू झाला, असे वृत्त त्या याचिकेच्या मुळाशी होते. जीव वाचवणे हे सरकारी तसेच खाजगी प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याआड येऊ शकत नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे मे १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्याचा निकाल लागला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. अखेर खाजगी रुग्णालयात त्याला सुमारे सतरा हजार रुपये खर्चावे लागले. वेळेवर उपचार न मिळणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा भंग ठरवून न्यायालयाने पंचवीस हजार रुपयांची भरपाई दिली आणि पैशाच्या टंचाईची सबब शासनाला सांगता येणार नाही, असे बजावले.

या दोन्ही निर्णयांचा गौरव वारंवार झाला आहे आणि तो रास्तच आहे. तथापि त्यांची घडण त्यांच्यापुढे आलेल्या वस्तुस्थितीने झाली, हे विसरता येत नाही. पहिल्या प्रकरणात अडसर पोलिसांचा होता, दुसऱ्यात रिकाम्या खाटेचा. दोन्ही ठिकाणी डॉक्टर हजर होते. त्यांनी रुग्ण घेतला नाही. त्यामुळे न्यायालयाने जे कर्तव्य सांगितले ते हजर असलेल्या डॉक्टरचे कर्तव्य आहे. डॉक्टरच हजर नसेल तर ते कर्तव्य कोणाला चिकटते, हा प्रश्न त्या प्रकरणांत उद्भवलाच नव्हता. नंतरच्या तरतुदींनी हाच धागा पुढे नेला. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने तातडीच्या प्रसंगी रुग्ण नाकारण्याची मुभा डॉक्टरला ठेवली नाही. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेने अनामतीशिवाय तातडीचे उपचार देण्याची अट घातली. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणेने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला, म्हणजे 'गोल्डन अवर'ला, कायदेशीर व्याख्या दिली. २०२५ च्या मे महिन्यात त्या आधारे अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित झाली.

या सर्व तरतुदींनी रुग्णालयाचे दार उघडले. पोलिसांची अडचण, पैशाची अडचण, खाटेची अडचण एकेक करून दूर सारण्याचा त्यांचा प्रयत्न आहे. दाराच्या आत कोण बसले आहे, हे मात्र त्यांपैकी एकीनेही विचारले नाही.

विधी आयोगाने ऑगस्ट २००६ मधील आपल्या २०१ व्या अहवालात तातडीच्या वैद्यकीय सेवेसाठी आदर्श कायद्याचा मसुदा दिला होता. त्याची गत इतर अनेक मसुद्यांसारखी झाली. २०१० चा केंद्रीय क्लिनिकल आस्थापना अधिनियम महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, म्हणून त्याची दीर्घ चर्चा येथे करण्याचे कारण नाही. फक्त त्यातील एका वाक्यांशाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बाराव्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमानुसार तातडीच्या अवस्थेत आलेल्या व्यक्तीची प्रकृती स्थिर करण्यासाठी लागणारे उपचार आस्थापनेने द्यावयाचे आहेत. पण ते 'उपलब्ध कर्मचारी व सुविधा यांच्या मर्यादेत'. वरवर पाहता ही व्यवहार्य सवलत वाटते. छोट्या प्रसूतिगृहाकडून मेंदूच्या शस्त्रक्रियेची अपेक्षा कोणी करू नये, हे खरेच. परंतु याच वाक्यांशामुळे कर्तव्याची व्याप्ती कर्मचाऱ्यांच्या संख्येवर ठरू लागते. ज्याने कमी डॉक्टर नेमले, त्याचे कर्तव्यही तेवढ्या प्रमाणात कमी. त्याच कलमात किमान मनुष्यबळाची अट आहे, ही जमेची बाजू. ती अट तातडीच्या विभागासाठी नेमकी आणि कठोर असेल तरच ही पळवाट बुजते.

मनुष्यबळाचे गणित

कायद्याच्या शब्दांचा अर्थ अनेकदा अंकगणितात उघड होतो. एका आठवड्यात १६८ तास असतात. एका डॉक्टरने आठवड्याला ४८ तास काम करावे, असे मानले तर एकच खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवण्यासाठी साडेतीन डॉक्टर लागतात. वर्षाचा हिशेब केला तर तो अधिक नेमका होतो. वर्षाचे ८,७६० तास. रजा, सुट्ट्या, प्रशिक्षण व आजारपण मिळून सहा आठवडे वजा केले तर एका डॉक्टरचे ४६ आठवडे, म्हणजे २,२०८ तास हाती उरतात. ८,७६० ला या आकड्याने भागले की उत्तर जवळजवळ चार येते. एका खुर्चीला चार डॉक्टर.

आता ग्रामीण रुग्णालय या दर्जाच्या संस्थेकडे पाहावे. चाकण येथे याच दर्जाचे शासकीय रुग्णालय आहे. राज्यातील ग्रामीण रुग्णालयाचा प्रचलित आकृतिबंध तीस खाटांचा, एक वैद्यकीय अधीक्षक आणि तीन वैद्यकीय अधिकारी असा राहिला आहे. सर्व पदे भरलेली आहेत आणि अधीक्षकही पाळी करतात, असे गृहीत धरले तरी चौघांचे मिळून वर्षाला ८,८३२ तास होतात. अपघात विभागातील एक खुर्ची सतत भरलेली ठेवली तर उरतात ७२ तास. या ७२ तासांत वर्षभराचा बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण, प्रसूती, शवविच्छेदन, न्यायालयातील साक्षी, राष्ट्रीय कार्यक्रम आणि वरिष्ठांच्या बैठका उरकावयाच्या आहेत. हे अशक्य आहे हे सांगण्यासाठी समितीची आवश्यकता नाही. अशा रुग्णालयातील डॉक्टर रात्री 'कॉलवर' असतो आणि गंभीर रुग्ण पुढे पाठवला जातो, याला त्याची हलगर्जी म्हणणे अन्यायाचे होईल. आकृतिबंध मंजूर करणाऱ्यानेच ते आधी ठरवून ठेवलेले असते.

शिवाय अशा संस्थांचे निकष लोकसंख्येवर आधारलेले असतात. सपाट प्रदेशात सव्वा लाखाच्या आसपास लोकसंख्येमागे एक ग्रामीण रुग्णालय, हा त्यामागील विचार शेतीप्रधान तालुक्याचा आहे. चाकणसारख्या ठिकाणी मतदार यादीत नसलेला, जनगणनेत आपल्या मूळ गावी मोजला गेलेला, चार जणांत एक खोली घेऊन राहणारा कंत्राटी कामगार हाच तातडीच्या विभागाचा संभाव्य रुग्ण आहे. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता येथे एकमेकांना छेदतात. त्यांवरून जाणारी अवजड वाहने कोणत्याच लोकसंख्येत मोजली जात नाहीत.

भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनी, विशेषतः २०२२ च्या सुधारित आवृत्तीने, तातडीच्या सेवेचा विस्ताराने विचार केला आहे. पण ही मानके मार्गदर्शक आहेत. ती पाळली नाहीत म्हणून कोणाला न्यायालयात उभे राहावे लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा हिशेब मागितला. रिक्त पदांविषयी प्रश्न विचारायलाही आधी मृत्यूंची संख्या मोठी व्हावी लागते, असा याचा अर्थ कोणी काढला तर तो खोडून काढणे कठीण आहे.

चाकणमधून पुढे पाठवलेला रुग्ण बहुधा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात येतो. साडेसातशे खाटांचे हे महापालिकेचे रुग्णालय शहरासाठी उभारले गेले. प्रत्यक्षात खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांचा भारही त्यावर पडतो. चाकण ते पिंपरी हे अंतर सुमारे वीस किलोमीटरचे आहे. मोकळ्या रस्त्यावर ते अर्ध्या तासाचे. तळेगाव चौक, मोशी आणि भोसरी येथील कोंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना 'गोल्डन अवर'ची कायदेशीर व्याख्या वाचताना हसावे की रडावे हे कळणार नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. सहा महिला त्याच दिवशी दगावल्या, पुढे उपचार घेताना आणखी काहींचा मृत्यू झाला. होरपळलेल्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयापर्यंत न्यावे लागले. या दुर्घटनेची चर्चा कारखान्याचा परवाना, अग्निशमन आणि मालकाची जबाबदारी यांभोवती झाली, आणि ते आवश्यकच होते. एकाच वेळी अनेक भाजलेले रुग्ण आले तर या पट्ट्यातील कोणत्या रुग्णालयात त्या क्षणी किती आणि कोणते डॉक्टर असावेत, हा प्रश्न त्या चर्चेत मागे राहिला.

कारखान्याचा कायदा आणि रुग्णालयाचा कायदा

येथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. कारखान्यात डॉक्टर कोठे व केव्हा असावा, हे कायद्याने कितीतरी आधी मोजून सांगितले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमानुसार पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष आणि त्यासाठी विहित वैद्यकीय व शुश्रूषा कर्मचारी आवश्यक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही पाचशेचा हा उंबरठा कायम ठेवला. म्हणजे यंत्राजवळचा डॉक्टर कायद्याने कामगारांच्या संख्येशी जोडला. त्याच यंत्रावर जखमी झालेला कामगार ज्या रुग्णालयात पोहोचतो, तेथील तातडीच्या विभागातील डॉक्टर मात्र कोणत्याच संख्येशी जोडला नाही.

अर्थात पाचशेच्या उंबरठ्याचाही या पट्ट्यात फारसा उपयोग होत नाही. मोठ्या वाहन कंपन्यांकडे सुसज्ज आरोग्य केंद्रे असतात. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या फळीतील गाळ्यांत वीस-तीस कामगार असतात, आणि बोटे तुटतात ती बहुधा तेथेच. सेफ इन इंडिया फाउंडेशनने २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या 'क्रश्ड' या अहवालमालेत वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतील अशा जखमांचे दस्तऐवजीकरण आढळते. तुटलेले बोट योग्य रीतीने जपून, योग्य वेळेत, सूक्ष्मशस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनपर्यंत पोहोचले तर ते वाचू शकते. ते पाण्यात वा थेट बर्फात टाकायचे नसते. ओलसर जाळीच्या कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. पहिल्या रुग्णालयातील डॉक्टरला हे ठाऊक असणे आणि कोणाला फोन करावा हे ठाऊक असणे, यावर त्या कामगाराची पुढील चाळीस वर्षांची मजुरी अवलंबून असते. कर्मचारी राज्य विमा योजना अपंगत्वाची टक्केवारी ठरवते. पहिल्या दोन तासांत बोटाचे काय झाले हे त्या टक्केवारीत दिसत नाही.

आणखी एक विसंगती रस्त्यावरची. २६ जानेवारी २०१४ रोजी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात औंध येथे आहे आणि ती चालवणारी संस्था मूळची चिंचवडची. प्रत्येक रुग्णवाहिकेत डॉक्टर असावा ही त्या सेवेची अट होती. कराराने जे गाडीसाठी बंधनकारक केले, ते गाडी जेथे थांबते त्या विभागासाठी कायद्याने केले नाही.

डॉक्टर म्हणजे कोण?

उपस्थितीचा प्रश्न सुटला तरी पात्रतेचा उरतोच. नोंदणी अधिनियमातील पात्र वैद्यक व्यावसायिकाची व्याख्या नोंदणीवर आधारलेली आहे, कौशल्यावर नाही. आयुर्वेद व होमिओपॅथीचे नोंदणीकृत पदवीधर या पट्ट्यातील, किंबहुना सबंध राज्यातील, अनेक खाजगी रुग्णालयांत रात्रीच्या पाळ्या सांभाळतात, हे उघड गुपित आहे. १९९२ च्या राज्य अधिसूचनेने आयुर्वेद पदवीधरांच्या आधुनिक औषधोपचारांचा मार्ग मोकळा केला. २०१४ च्या दुरुस्तीने एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी व्यावसायिकांनाही मर्यादित मुभा दिली. दुसरीकडे, ज्या मे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तातडीच्या उपचारांचा हक्क सांगितला, त्याच महिन्यात त्याच न्यायालयाने पूनम वर्मा खटल्यात होमिओपॅथी व्यावसायिकाने ॲलोपॅथीची औषधे देणे हीच हयगय ठरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये या विषयावर राज्यातील ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला.

या वादात दोन्ही बाजूंनी पदवीची प्रतिष्ठा पणाला लावली आहे. तातडीच्या विभागाच्या दृष्टीने हा वाद काहीसा बाजूचा आहे. एमबीबीएस उत्तीर्ण होऊन चार महिने झालेला, श्वासनलिकेत नळी घालण्याचा अनुभव नसलेला पदवीधर आणि दहा वर्षे रात्रपाळी केलेला आयुर्वेद पदवीधर यांपैकी कोण अधिक सक्षम, याचे उत्तर पदवीचा कागद देत नाही. पण म्हणून अनुभवाच्या नावाखाली स्वस्त मनुष्यबळाचे समर्थन करणेही योग्य नाही. कमी वेतनावर मिळतो म्हणून रात्री एक डॉक्टर आणि दिवसा दुसरा, ही व्यवस्था रुग्णाला सांगून केलेली नसते.

या विषयाचे स्वतंत्र शास्त्र आहे. आपत्कालीन वैद्यक ही विशेषशाखा भारतात २००९ मध्ये मान्य झाली. २०२० च्या मानकांनी वैद्यकीय महाविद्यालयांत या विभागाची सक्ती केली आणि २०२३ च्या मानकांत अनिवार्य विभागांच्या यादीतून तो पुन्हा वगळला गेला. तीन वर्षांत घडलेल्या या माघारीची कारणे समजण्यासारखी आहेत. अध्यापक मिळत नव्हते. परंतु विभाग नसेल तर अध्यापक कोठून निर्माण होणार, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांना तरी समजावून सांगण्याची गरज नसावी. आज जे विद्यार्थी तातडीच्या विभागाचे स्वतंत्र शिक्षण न घेता पदवीधर होतील, तेच उद्या चाकणच्या रात्रपाळीत एकटे असतील.

अन्यत्रचा अनुभव आणि आक्षेप

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे, असा समज करून घेऊ नये. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तातडीच्या रुग्णाची तपासणी व स्थिरीकरण रुग्णालयांवर बंधनकारक केले. विभागात डॉक्टर प्रत्यक्ष हजर असावा असे मात्र त्या कायद्याने म्हटले नाही. परिणामी काही रुग्णालयांत डॉक्टरऐवजी अन्य प्रशिक्षित कर्मचाऱ्यांवर विभाग सोपवला जाऊ लागला. त्यावर उपाय म्हणून इंडियानाने २०२३ मध्ये आणि व्हर्जिनियाने २०२४ मध्ये तातडीच्या विभागात डॉक्टरची सतत उपस्थिती अनिवार्य करणारे कायदे केले. व्हर्जिनियाचा कायदा १ जुलै २०२५ पासून अमलात आला. त्याच देशात दुर्गम भागांतील लहान रुग्णालयांना मात्र संघीय नियमांनी वेगळे माप लावले आहे. तेथे पात्र वैद्यकीय व्यावसायिक कॉलवर असावा आणि साधारणतः तीस मिनिटांत रुग्णालयात पोहोचावा, अशी अट आहे. हे माप खालचे आहे. पण ते लिहिलेले आहे, आणि म्हणून तपासता येते.

अशा कायद्याविरुद्धचा आक्षेप हलका नाही. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात दहा ते तीस खाटांची असंख्य रुग्णालये एखाददुसरे डॉक्टर दांपत्य चालवते. त्यांच्यावर चार पूर्णवेळ एमबीबीएस डॉक्टरांची सक्ती केली तर त्यांपैकी बरीच बंद पडतील किंवा मोठ्या साखळी रुग्णालयांना विकली जातील. मग चाकणच्या कामगाराला जवळचे रुग्णालयच उरणार नाही. राजस्थानच्या २०२३ च्या आरोग्य हक्क कायद्याविरुद्ध खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, त्यामागे तातडीचा उपचार म्हणजे काय आणि त्याचे पैसे कोण देणार ही संदिग्धताच होती. मनुष्यबळाचा खर्च न उचलता मनुष्यबळाची सक्ती करणारा कायदा कागदावर राहतो, किंवा तपासणीसाच्या हातातील हत्यार होतो. भारतीय प्रशासनाचा अनुभव लक्षात घेता दुसरी शक्यता अधिक दिसते.

मात्र या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष 'कायदा नको' असा होत नाही. त्यातून एवढेच निघते की प्रत्येक रुग्णालयाला तातडीचा विभाग चालवण्याचा दावा करू देऊ नये. आज कोणत्याही रुग्णालयाच्या दारावर 'अपघात विभाग, २४ तास सेवा' असा लाल दिव्याचा फलक लावता येतो. फलक पाहून रिक्षावाला गाडी आत वळवतो; आत परिचारिका एकटी असते; ती प्रथमोपचार करून पुढचा पत्ता सांगते. वीस मिनिटे जातात. तो फलकच नोंदणीचा विषय केला, म्हणजे ज्याच्याकडे चारही पाळ्यांना पुरेल इतके डॉक्टर आहेत त्यानेच तो लावावा, असे ठरवले तर लहान रुग्णालयावर बोजा पडत नाही आणि रुग्णवाहिकेला कोठे थांबावयाचे हेही कळते. अशा स्तरीकरणासाठी नवा अधिनियम आवश्यक नाही. १९४९ च्या कायद्याखालील नियमांत त्याला जागा होऊ शकते.

अडचण अंमलबजावणीची राहील. महापालिका हद्दीत नोंदणी व तपासणी महापालिकेचा वैद्यकीय विभाग करतो. हद्द ओलांडून चाकणकडे गेले की जिल्ह्याची यंत्रणा सुरू होते. कामगार मात्र राहतो एका हद्दीत, काम करतो दुसऱ्या हद्दीत आणि जखमी होतो बहुधा या दोहोंमधील रस्त्यावर. शिवाय महापालिका स्वतःच या पट्ट्यातील सर्वांत मोठे रुग्णालय चालवते. नोंदणीचा कायदा खाजगी शुश्रूषागृहांसाठी असल्यामुळे तिच्या स्वतःच्या अपघात विभागाची तपासणी त्या कायद्याखाली कोणी करत नाही. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० मध्ये राज्याने कायदा केला. तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद त्यात आहे. तो लागू होण्याचे प्रसंग बहुतांशी अपघात विभागातच घडतात. एकटा निवासी डॉक्टर, एकाच वेळी आलेले तीन गंभीर रुग्ण आणि त्यांचे पन्नास नातेवाईक, असे त्या प्रसंगांचे चित्र असते. हल्ला करणाऱ्याला शिक्षा कायद्याने सांगितली आहे. त्या रात्री तेथे दुसरा डॉक्टर का नव्हता, याची चौकशी करण्याचा अधिकार त्या कायद्याने कोणालाही दिलेला नाही.